खट् कुठं वाजलं? नव्हे, खट् कधी वाजलं?

मुलांनो, उन्हाळा लागला की बाजारात माठ येतात. आजीबरोबर माठ घ्यायला कधी गेला असाल तर आठवून बघा. आजी माठाचा रंग बघत नाही की त्यावरची नक्षी बघत नाही. ती माठ उचलते, बोटाने टिचकी मारते आणि कान पुढं करते. टण् वाजला तर माठ पक्का. बद् वाजला तर कुठंतरी चीर आहे, मग ती डोळ्यांना दिसो वा न दिसो! कलिंगड घेतानाही हेच आणि नारळ घेतानाही हेच. ऑस्ट्रियात लिओपोल्ड आउएनब्रुगर नावाचे एक डॉक्टर होऊन गेले. त्यांचे वडील खाणावळ चालवायचे. पिंपावर बोटं वाजवली की आतलं द्रव कुठपर्यंत आहे ते कळतं, हे लिओपोल्डनं लहानपणीच पाहिलं होतं असं सांगतात. पुढं डॉक्टर झाल्यावर त्यांनी रोग्याच्या छातीवर तशीच बोटं वाजवून आत पाणी झालंय का ते ओळखायला सुरुवात केली, आणि १७६१ मध्ये त्यावर पुस्तक लिहिलं. आजही डॉक्टर तुमच्या पाठीवर टकटक करतात ना, ती तिथूनच आलेली!

आज आपण टिचकी न मारताच वाजणाऱ्या एका वस्तूकडे कान द्यायचा आहे. ती म्हणजे जुनी मोटार.

जुनी मोटार म्हटलं की माझ्या डोळ्यांपुढं येते मारुती ८००. तुमच्या आईबाबांच्या लहानपणी गल्लीत ज्यांच्याकडे गाडी असे, त्यांच्याकडे बहुधा हीच असे. १४ डिसेंबर १९८३ ला दिल्लीत पहिली ८०० गिऱ्हाइकाच्या हाती पडली आणि जानेवारी २०१४ मध्ये ती बनवणं बंद झालं. मधल्या तीस वर्षांत आपल्या देशात २५ लाखांहून जास्त ८०० विकल्या गेल्या. म्हणजे आज रस्त्यावर दिसणारी सगळ्यात तरुण ८०० सुद्धा दहा वर्षांच्या पुढचीच! छोटी बारा इंची चाकं, आपले रस्ते, आणि त्यावर इतकी वर्षं धावणं. ती कुरकुरणार नाही तर काय करणार? खरं तर तुमच्या घरची गाडी दुसऱ्या कुठल्या कंपनीची असली तरी पुढचं बहुतेक सगळं तिलाही लागू पडेल.

आधी गाडीचे सांधे ओळखून घेऊ. तुम्ही विज्ञानात शिकलात ना, आपल्या शरीरात बिजागरीचा सांधा असतो आणि उखळीचा सांधा असतो? कोपर दारासारखं एकाच बाजूला उघडतं, तो बिजागरीचा. खांदा गरगर फिरतो, तो उखळीचा. एका वाटीत बसलेला गोळा. आता उभे राहा आणि खांदा खरंच फिरवून बघा. फिरवलात? गाडीच्या पुढच्या चाकांनाही असेच सांधे लागतात, कारण ती चाकं वर-खाली हलतात आणि शिवाय डावी-उजवीकडे वळतातसुद्धा. चाकाच्या खालच्या बाजूला एका लोखंडी वाटीत एक पोलादी गोळी बसवलेली असते. तिला गॅरेजमध्ये बॉल जॉइंट म्हणतात. वाटीत ग्रीस भरलेलं असतं आणि वरून रबरी टोपी घट्ट बसवलेली असते, धूळ-पाणी आत जाऊ नये म्हणून.

असाच एक छोटा उखळीचा सांधा स्टिअरिंगच्या दांड्याच्या टोकाला असतो. ड्रायव्हर स्टिअरिंग फिरवतो तेव्हा खाली एक दातेरी चक्र फिरतं, ते एका दातेरी पट्टीला डावी-उजवीकडे सरकवतं, आणि पट्टीच्या दोन्ही टोकांचे दांडे चाकांना ढकलतात किंवा ओढतात. या दांड्याला टायरॉड म्हणतात आणि त्याच्या टोकाच्या सांध्याला टायरॉड एंड. हे नाव लक्षात ठेवा, पुढं लागणार आहे.

आपल्या सांध्यांत दोन हाडं एकमेकांवर घासू नयेत म्हणून मऊ कूर्चा असते. गाडीत त्या जागी रबर असतं. लोखंडाला लोखंड जिथं जोडलंय तिथं मध्ये रबराची जाड नळी बसवतात, तिला बुश म्हणतात. आजोबांचे गुडघे जिन्यावर वाजतात, तशी ही बुशं म्हातारी झाली की गाडी वाजते.

आणि स्प्रिंग? ती तर सगळ्यांना ठाऊक आहे. पण स्प्रिंगसोबत असणाऱ्या शॉकअपचं काम मात्र पुष्कळ मोठ्यांनाही नीट माहीत नसतं! धक्का खातो तो शॉकअप, असं नावावरून वाटतं. प्रत्यक्षात धक्का खाते स्प्रिंग. पण एकदा दबलेली स्प्रिंग झोपाळ्यासारखी असते, तिला एकदा ढकललं की ती आपली झुलतच राहते. तिला धरून शांत करायचं काम शॉकअपचं. त्याच्या आत तेल असतं आणि तेलातून वर-खाली सरकणारा, बारीक भोकांचा दट्ट्या असतो. तेलाला त्या भोकांतून जायला वेळ लागतो, म्हणून स्प्रिंगचं झुलणं मरतं. ८०० च्या पुढच्या चाकांपाशी स्प्रिंग आणि शॉकअप एकाच उभ्या खांबात बसवलेले आहेत. ही रचना अर्ल मॅकफर्सन या अमेरिकन इंजिनिअरने १९४० च्या दशकात बसवली, आणि आज आपल्याकडच्या बहुतेक छोट्या गाड्या पुढच्या बाजूला याच खांबांवर उभ्या असतात.

आता खरी गंमत. गाडीत खट् वाजलं की सगळे काय विचारतात? "कुठं वाजलं रे?" बाबा म्हणतात पुढं, आई म्हणते खाली, ताई म्हणते माझ्या सीटखाली. आणि तिघंही खरं बोलत असतात! यासाठी एक प्रयोग करा. शाळेतल्या लांब बाकाच्या एका टोकाला कान टेकवा आणि मित्राला दुसऱ्या टोकाला नखाने हळूच खरवडायला सांगा. कान उचललात तर काहीच ऐकू येणार नाही, टेकवलात तर जणू कानातच खरवडतंय. घन पदार्थातून आवाज भरभर आणि ठणठणीत जातो. पोलादातून तर हवेपेक्षा जवळजवळ पंधरा पट वेगाने. मोटारीचं सगळं अंग म्हणजे एकमेकांना जोडलेला पत्रा. पुढच्या चाकाशी झालेला खट् पत्र्यातून धावत तुमच्या सीटखाली येऊन बोलतो. म्हणून "कुठं" हा प्रश्न फसवा आहे. विचारायचं ते "कधी?"

कधी वाजतं? खड्ड्यात की वळणावर? वेगात की हळू चालताना? स्टिअरिंग फिरवताना की ब्रेक दाबताना? सकाळी गाडी थंड असताना की तासभर चालल्यावर? प्रत्येक सांधा त्याचं काम पडलं तरच बोलतो. काम नसताना तो गप्प असतो. त्यामुळे आवाजाची वेळ कळली की कुठला सांधा त्या वेळी कामावर होता ते शोधता येतं, आणि चोर सापडतो.

पण त्याआधी डिकी रिकामी करा! हे मी चेष्टेनं सांगत नाही. निम्मे आवाज खोटे असतात. गावाहून आणलेला नारळ, जॅक आणि पाना, सीटखाली गेलेली पाण्याची बाटली, दाराच्या कप्प्यातली सुटी नाणी, नंबरप्लेटचा ढिला स्क्रू. गाडी झाडून-पुसून रिकामी करायची, स्टेपनी घट्ट बसलीय का बघायचं, आणि मग कान लावायचे. हे काम तुम्ही मुलांनीच करायचं. सापडलेली नाणी कोणाची, ते आईबाबांशी आधी ठरवून घ्या!

टायरच्या खाचेत अडकलेला खडाही असाच फसवतो. तो ओळखायला थोडं गणित करू. ८०० च्या चाकाचा परीघ साधारण १ मीटर ६० सेंटिमीटर. (टायरवर खडूने खूण करून, गाडी एक फेरा पुढं ढकलायला लावून, टेपने मोजता येतो. सपाट जागा हवी आणि ढकलायला मोठी माणसं हवीत.) गाडी तासाला २० किलोमीटर वेगाने चाललीय, म्हणजे सेकंदाला सुमारे साडेपाच मीटर. भागा बघू १.६ ने. साधारण साडेतीन आलं ना? तर या वेगाला एका सेकंदात साडेतीन वेळा टिक्-टिक् वाजत असेल आणि गाडी हळू झाल्यावर टिक्-टिक् त्याच प्रमाणात हळू होत असेल, तर चाकाबरोबर काहीतरी एक-एकदा फिरतंय. आधी खडा बघा. खडा नसेल तर मात्र खिळा असू शकतो, म्हणून तो उपटू नका, हवा जाईल. मोठ्यांना दाखवा.

आता खरे आवाज ऐकू.

गाडी पूर्ण वळवून कोपऱ्यावरून निघताना कट्-कट्-कट्-कट् असा भरभर आवाज येतो आणि सरळ झाल्यावर थांबतो, तर तो एक्सलच्या बाहेरच्या सांध्याचा. ८०० मध्ये इंजिनाची ताकद पुढच्या चाकांना जाते. म्हणजे या चाकांनी एकाच वेळी वळायचंही आणि गाडी ओढायचीही! त्यासाठी खाचांमध्ये बसवलेल्या पोलादी गोळ्यांचा एक सांधा असतो. गॅरेजवाले त्याला सीव्ही जॉइंट म्हणतात. त्याच्यावर घडीघडीचं रबरी आवरण असतं, हार्मोनियमच्या भात्यासारखं. ते फाटलं की चाक फिरताना आतलं ग्रीस बाहेर उडतं आणि चिखल आत शिरतो. मग खाचा खरवडल्या जातात आणि गोळ्या कट्-कट् करू लागतात. आवरण फाटल्यावर लगेच बदललं तर सांधा वाचतो. कट्-कट् सुरू झाल्यावर बहुधा सांधाच बदलावा लागतो. अँबॅसिडर आणि पद्मिनी या त्याआधीच्या गाड्यांमध्ये इंजिनाची ताकद मागच्या चाकांना जाई आणि मागं एस.टी.सारखे पाटे असत. हे का सांगितलं, ते शेवटी कळेल.

खड्ड्यातला आवाज जरा चतुर असतो. इथं एक युक्ती आहे, आणि ती मला फार आवडते. गतिरोधकावर दोन्ही पुढची चाकं एकदम वर चढतात आणि एकदम उतरतात. खड्ड्यात मात्र एकच चाक जातं. गाडी वळणावर कलू नये म्हणून दोन्ही चाकांना जोडणारा एक आडवा दांडा असतो. दोन्ही चाकं एकदम हलली तर त्याला पीळ पडत नाही, तो नुसता फिरतो. एकच चाक हललं की तो पिळला जातो आणि आपल्या रबरी बुशांना जोरात दाबतो. तेव्हा गतिरोधकावर गप्प आणि एका बाजूच्या खड्ड्यात ठक्, असं असेल तर आधी त्या दांड्याची बुशं बघायला सांगायची. ८०० सारख्या गाडीत हाच दांडा चाकाला पुढं-मागं सरकू देत नाही, म्हणून बुशं गेली की ब्रेक दाबतानाही ठक् वाजतं. बुश ही शॉकअपच्या मानानं अगदी छोटी, स्वस्त वस्तू. पण "खड्ड्यात वाजतंय" एवढंच सांगितलं तर पुष्कळदा शॉकअपच बदलून मिळतो!

शॉकअप खरंच गेलाय का, ते पाहायची जुनी रीत आहे. गाडी सपाटीवर उभी, हँडब्रेक ओढलेला. मोठ्यांपैकी कोणीतरी एका कोपऱ्यावर दोन्ही हातांनी जोर देऊन गाडी दाबायची आणि सोडायची. कोपरा वर येऊन लगेच स्थिर झाला तर शॉकअप ठीक. दोन-तीनदा डुचमळला तर थकला. शॉकअपच्या नळीवर तेलाचा ओघळ आणि त्यावर धूळ चिकटलेली दिसली तरीही थकला.

उभ्या गाडीत स्टिअरिंग फिरवताना टंग्... टंग्... असं तार तुटल्यासारखं वाजतं का? पुढचा खांब चाकाबरोबर वळतो, आणि त्याच्या डोक्यावर एक बेअरिंग असतं, म्हणून स्प्रिंग सहज फिरते. ते अडकलं की स्प्रिंग पिळली जाते, आणि पीळ असह्य झाला की एकदम उडी मारते. तीच ती टंग्.

नुसती कुर्र-कुर्र, जुन्या पाळण्यासारखी, गाडीत बसता-उतरताना येत असेल तर ती कोरड्या पडलेल्या रबराची. पावसाळ्यात रबर ओलं झालं की ती गायब होते आणि दिवाळीनंतर परत येते. यावर काही लोक खालून जळकं ऑइल नाहीतर डिझेल मारून घेतात. हे मला मुळीच पटत नाही. रबर अशा तेलात फुगतं आणि मऊ पडतं. आठ दिवस शांतता मिळते, आणि वर्षभराने मिळणारं बुश सहा महिन्यांत मिळवावं लागतं.

आणि एक घूं... असा आवाज, वेगाबरोबर चढत जाणारा. रस्ता बदलला (डांबरीवरून सिमेंटच्या रस्त्यावर आलात) आणि आवाज बदलला, तर तो टायरचा. रस्ता बदलून तो तसाच राहिला आणि वळणावर कमी-जास्त झाला, तर चाकाच्या बेअरिंगचा. एस.टी. डावीकडे वळते तेव्हा तुम्ही कुठं कलता? उजवीकडे! गाडीचं वजनही तसंच उजव्या चाकांवर जातं. उजवं बेअरिंग खराब असेल तर त्या वेळी ते जास्त ओरडतं.

इथपर्यंत सांगितलेले काही आवाज आठवडाभर थांबू शकतात. कुरकुर तर महिनाभरही थांबेल. पण एक आवाज असा आहे की तो अगदी छोटा, अगदी सभ्य असतो, आणि त्याला थांबवून ठेवता येत नाही.

माझ्या चौथीच्या वर्गातल्या एका मुलीच्या घरी अशीच सेकंडहँड ८०० आहे. कराडजवळ आमचं गाव. तिच्या गाडीत "टक्" असा आवाज येई. दिवाळीआधी एका गॅरेजने पुढचे दोन्ही शॉकअप बदलले. पैसे गेले, टक् राहिला. तिचे बाबा म्हणाले, जुनी गाडी आहे, वाजणारच. आणि पुढं तर त्यांना तो ऐकूच येईनासा झाला. असं होतं. घरातल्या घड्याळाची टिक्-टिक् तुम्हाला तरी कुठं ऐकू येते? पाहुण्यांना येते.

वर्गात सांध्यांचा पाठ चालला होता तेव्हा ती म्हणाली, "बाई, आमच्या गाडीचा खांदा वाजतो." सगळा वर्ग हसला. मी तिला म्हटलं, कधी वाजतो ते लिही. तिने वहीच्या मागच्या पानावर लिहायला घेतलं. सोमवार, फाटकातून मागं घेताना, एकदा. मंगळवार, वाजला नाही, सरळ गेलो. बुधवार, पेट्रोलपंपावर वळताना, दोनदा. गुरुवार, गतिरोधक पाच, एकदाही नाही. असे दहा दिवस. मागच्या सीटवर बसून ती फक्त हेच करत होती. दहा दिवसांनी पान वाचलं तर चित्र स्वच्छ होतं. खड्ड्याशी संबंध नाही, वेगाशी नाही. स्टिअरिंग एका बाजूकडून दुसऱ्या बाजूला पलटलं की टक्, तोही गाडी हळू असताना.

दोन दिवसांनी ते सगळे कुंभार्ली घाट उतरून चिपळूणला लग्नाला जाणार होते. जाण्याआधी तिच्या आईने ती वही आणि गाडी दुसऱ्या एका वयस्कर मिस्त्रींकडे नेली. मिस्त्रींनी पान वाचलं आणि गाडी चालवूनसुद्धा बघितली नाही! बाबांना आत बसवलं आणि इंजिन बंद ठेवूनच स्टिअरिंग चार बोटं डावीकडे, चार बोटं उजवीकडे असं हलवायला सांगितलं. स्वतः खाली वाकून डाव्या चाकामागच्या टायरॉड एंडवर हात ठेवला. टक् त्यांना कानांआधी बोटांना लागला. सांधा काढला तेव्हा त्याची रबरी टोपी फाटलेली होती, आत ग्रीसऐवजी गंज होता, आणि वाटीतली गोळी हाताने वर उचलली जात होती. खुळखुळ्यासारखी.

ती गोळी वाटीतून बाहेर आली असती तर काय झालं असतं, ते आता तुम्हीच सांगू शकाल. दांड्याचा आणि चाकाचा संबंध तुटतो. स्टिअरिंग हातात राहतं, ते फिरतंही, पण डावं चाक त्याचं ऐकत नाही. ते त्याला हवं तिकडं वळतं. फाटकातून गाडी मागं घेताना असं झालं असतं तर फाटक वाकलं असतं, आणि घाटात झालं असतं तर... मी पुढचं लिहीत नाही.

नवा सांधा बसला, चाकांचं अलाइनमेंट करून घेतलं (टायरॉडला हात लावला की ते करावंच लागतं, कारण दांड्याची लांबी दोन-चार मिलिमीटर चुकली तरी चाकं तिरळी होतात आणि टायर एका बाजूने झिजतात), आणि मंडळी लग्नाला गेली. मिस्त्रींनी वही परत देताना तिला एवढंच सांगितलं, "ही गाडीतच ठेव बाळ, कागदपत्रांच्या कप्प्यात."

आईबाबांनो, आता दोन ओळी तुमच्यासाठी. स्टिअरिंग सैल लागणं, म्हणजे थोडं फिरवूनही चाकाला पत्ता नसणं; गाडी आपोआप एका बाजूला ओढणं; पुढचा टायर एकाच कडेने झिजणं; आणि स्टिअरिंग पलटताना टक्. यांतलं काहीही असेल तर लांबचा प्रवास आधी नको, मिस्त्री आधी. ते गाडी जॅकवर उचलतील, खाली पक्का आधार देतील, आणि चाक दोन्ही हातांनी धरून हलवतील. घड्याळातल्या ९ आणि ३ च्या जागी धरून चाक हललं तर टायरॉडकडे संशय, १२ आणि ६ च्या जागी हललं तर बॉल जॉइंट किंवा बेअरिंग. हे तुमच्यासमोर करायला सांगा, ते पाच मिनिटांचं काम आहे. पंधरा वर्षांनी गाडीची नोंदणी पुन्हा करून घ्यावी लागते, तेव्हा तपासणी होतेच. पण सांधे काही पंधरा वर्षं पुरी व्हायची वाट बघत नाहीत. आणि वाजणारी गाडी अचानक वाजायची थांबली तर खूश होऊ नका. गंज, ओल आणि चिखल काही दिवस आवाज दाबून ठेवतात, सांधा तितकाच सैल असतो.

मुलांनो, तुम्ही मात्र जॅकवर उचललेल्या गाडीखाली जायचं नाही. हात नाही, पाय नाही, हरवलेला चेंडूसुद्धा नाही. जॅक सटकू शकतो. तुमचं काम कानाचं. ते तुम्ही मोठ्यांपेक्षा चांगलं करू शकता, कारण वय वाढेल तसे माणसाला बारीक, उंच आवाज कमी ऐकू येऊ लागतात, तुम्हाला ते ऐकू येतात. शिवाय तुमचं लक्ष रस्त्यावर असण्याची गरज नसते. (गाणी बंद करायची तयारी मात्र हवी!) आता विजेवर चालणाऱ्या गाड्या आल्या आहेत. त्यांत इंजिनाची घरघर नाही, म्हणून हेच खालचे आवाज अधिक स्पष्ट ऐकू येतात. म्हणजे तुमच्या पिढीला कान अधिकच लागणार.

वहीत चार रकाने आखा : तारीख, गाडी काय करत होती, आवाज कसा, किती वेळा. आवाजाला नाव तुम्हीच द्या. टक्, ठक्, खुळखुळ, कुर्र, घूं. आपल्या मराठीत अशा शब्दांना काही तोटा नाही, आणि मिस्त्रींना ते पुस्तकी नावांपेक्षा लवकर कळतात. घरी गाडी नसेल तर आजोबांची सायकल चालेल, शाळेची रिक्षा चालेल. एस.टी. तर फारच बोलकी असते!

आणि आता दोन कोडी. उत्तरं कारणासकट लिहून पाठवा, नुसतं उत्तर चालणार नाही.

पहिलं : सरळ रस्त्यावर एक गाडी घूं... करते. उजवीकडे वळताना घूं वाढतो, डावीकडे वळताना जवळजवळ थांबतो. रस्ता बदलून काही फरक नाही. कुठल्या बाजूच्या चाकाचं बेअरिंग तपासायला सांगाल?

दुसरं : एका आजोबांनी जपून ठेवलेली पद्मिनी आहे. ती पूर्ण वळवताना पुढच्या चाकांकडून कट्-कट् ऐकू येतं. गॅरेजमधला पोऱ्या लगेच म्हणतो, "आजोबा, पुढचा सीव्ही जॉइंट गेला." आजोबांनी त्याला काय उत्तर द्यावं?